अमेरिकेतली ड्रोन पायलटची लेखी परीक्षा (पार्ट १०७): तयारी कशी करावी?

निमिषा_क

नमस्कार मंडळी. मी घरविक्रीच्या जाहिरातींसाठी फोटो काढते. हल्ली एजंट वरून घेतलेले फोटोही मागायला लागले आहेत. त्यासाठी अमेरिकेची हवाई वाहतूक बघणाऱ्या एफएए या सरकारी संस्थेचं, तिच्या 'पार्ट १०७' या ड्रोन-नियमांखालचं, रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं आणि आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, एवढं कळलंय. अभ्यासक्रम उघडला तर विमानतळांचे नकाशे, ढगांची उंची, धावपट्ट्यांचे आकडे! ड्रोन त्यात शोधावा लागतो. माझा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला.

इथे कोणी दिली आहे का? सुरुवात कुठून करू? दोन-तीनशे डॉलरचा कोर्स घ्यावा का? आणि एक शंका: आमच्या मराठी मंडळाच्या गणपती मिरवणुकीचं शूटिंग मी फुकटच करून देणार आहे. ते हौस म्हणून खपतं ना?

टेक्सासकर

घाबरू नका. ही परीक्षा विमानांच्या आकाशात शिरायची परवानगी मागण्याची आहे असं धरून चाला, म्हणजे तो अभ्यासक्रम विचित्र वाटणार नाही. ड्रोनची बटणं कोणी विचारत नाही आणि उडवूनही दाखवावं लागत नाही.

मुख्य गोष्टी अशा. ६० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, वेळ दोन तास. ७० टक्के म्हणजे ४२ उत्तरं बरोबर आली की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. फी १७५ डॉलर. नापास झालात तर १४ दिवस थांबायचं आणि फी पुन्हा भरायची. सर्टिफिकेटसाठी वय किमान १६. परीक्षा घेणाऱ्या पीएसआय कंपनीच्या केंद्रावर जाऊनच ती द्यावी लागते.

साधारण ३५ ते ४५ टक्के प्रश्न 'ऑपरेशन्स'वर असतात. त्यात रेडिओ, विमानतळ, निर्णयक्षमता, आणीबाणी, देखभाल असं सगळं येतं. नियम आणि हवाई क्षेत्र प्रत्येकी १५ ते २५ टक्के, हवामान ११ ते १६, वजन आणि कामगिरी ७ ते ११. पण या टक्क्यांवरून वेळेची वाटणी करू नका. नियम दोन संध्याकाळींत होतात. नकाशे होत नाहीत.

कोर्सबद्दल माझं मत: एफएएचं अभ्यासाचं साहित्य, नमुना प्रश्न आणि परीक्षेत हातात देतात ती आकृत्यांची पुस्तिका, हे सगळं त्यांच्या साइटवर फुकट आहे. स्वतः बसून वाचायची सवय असेल तर कोर्सची गरज नाही. कोणी मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडत नसाल तर घ्या, पैसे भरले की माणूस बसतो.

कोकणवारा

मिरवणुकीबद्दल सांगतो, कारण यावर आमच्या मंडळात जोरदार वाद झाला होता.

फुकट म्हणजे हौस हे समीकरण डोक्यातून काढा. पैसे मिळाले का, हा मुद्दाच नाही. उड्डाण निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी आहे का, एवढंच बघतात. मंडळाच्या फेसबुक पानासाठी व्हिडिओ, शेजाऱ्याच्या छपराची पाहणी, देणगी गोळा करायला देवळाची फिल्म, या सगळ्याला एक डॉलर न घेताही पार्ट १०७ लागू होतो. हौशी लोकांनाही 'ट्रस्ट' नावाची फुकट ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, पण ती वेगळी.

आता सर्टिफिकेट असलं तरी मिरवणुकीच्या डोक्यावरून उडवता येतं असं नाही. उड्डाणात सहभागी नसलेल्या लोकांवरून जायचं तर ड्रोन चारपैकी एका कॅटेगरीत बसावा लागतो. पहिली कॅटेगरी सगळ्यात सोपी: लावलेल्या सगळ्या वस्तूंसकट वजन ०.५५ पाउंड किंवा कमी, आणि कातडी कापेल असे उघडे फिरते भाग नकोत. म्हणजे २४९ ग्रॅमचा ड्रोन आणला, पण पंख्यांना गार्ड नाही, तर बसत नाही. शिवाय उघड्यावरच्या जमावावर घुटमळत राहायचं तर रिमोट आयडीही (उडताना ड्रोनची ओळख आणि जागा प्रसारित करणारी सोय) लागतो. परीक्षेत यावर हमखास विचारतात. मिरवणुकीला मात्र बाजूच्या मोकळ्या मैदानावरून तिरका कॅमेरा लावा. ढोल-ताशा पथक तिरकंच चांगलं दिसतं.

झटपट

इतका काथ्याकूट कशाला? यूट्यूबवर शेकडो प्रश्न उत्तरांसकट पडलेत. पाठ करायचे, जायचं, ठोकून यायचं. मी तेच केलं, पास झालो. नंतर कोणी विचारत नाही.

खडूफळा

झटपट, पास झालात, अभिनंदन. पण पाठांतर नेमकं नकाशावर अडतं. आकृती तीच असते, प्रश्न दुसऱ्या विमानतळाबद्दल येतो. निमिषाताईंना तर उद्या खऱ्या घरावर उडवायचंय, तिथे पर्याय अ, ब, क दिलेले नसतील. म्हणून नकाशाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: आकृत्यांच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच नकाशाच्या खुणांची सूची असते, आणि ही पुस्तिका परीक्षेत तुमच्या हातात असते. प्रश्नात 'हे चिन्ह काय दर्शवतं' असं आलं, तर उत्तर तिथेच छापलेलं असतं. अर्धे लोक ती पानं उघडतच नाहीत. तयारी करताना रोज तीच पानं चाळा, म्हणजे काय कुठे आहे ते हाताला कळेल.

दुसरी: अक्षांश-रेखांश. इथे आपली शाळा आडवी येते. भारत पूर्व गोलार्धात, त्यामुळे रेखांशाचा आकडा उजवीकडे वाढतो हे आपल्या अंगात मुरलंय. अमेरिका पश्चिम रेखांशावर, म्हणून इथे आकडा डावीकडे वाढतो. ९७ च्या डावीकडे ९८. घाईत हात उजवीकडे जातो आणि गंमत म्हणजे पर्यायांत त्या चुकीच्या जागेचा विमानतळही असतो! नकाशावरच्या रेघा ३० मिनिटांच्या अंतराने असतात आणि रेघेवरची प्रत्येक बारीक खूण एक मिनिट. आधी कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये आहोत ते ठरवा, मग खुणा मोजा.

तिसरी: रंग. हवाई क्षेत्राचे बी, सी, डी, ई, जी असे वर्ग (क्लास) असतात, ते नकाशावर रंगीत रेघांवरून ओळखायचे. अखंड निळी रेघ म्हणजे क्लास बी, सगळ्यात गजबजलेले विमानतळ. अखंड मॅजेन्टा (गडद गुलाबी) म्हणजे सी. तुटक निळी म्हणजे डी. तुटक मॅजेन्टा म्हणजे जमिनीपासून सुरू होणारा ई. या चारही ठिकाणी आधी परवानगी. पसरट, धूसर मॅजेन्टा पट्टा दिसला तर तिथे ई हा ७०० फुटांवर सुरू होतो. त्याच्या खाली जी आहे आणि जीला परवानगी लागत नाही. तुटक आणि धूसर यांत गल्लत झाली की दोन-तीन प्रश्न गेलेच.

क्लास बीचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर मडक्यांची उतरंड उलटी करा: खाली अरुंद, वर रुंद. विमानतळापासून जितकं लांब जाल तितका त्याचा तळ वर सरकतो. क्लास सीचंही तसंच, फक्त थर कमी.

निमिषा_क

खडूफळा, खूप आभार. रंग कळले. पण त्या वर्तुळांत '४१' आणि खाली '१२' असे अपूर्णांकासारखे आकडे आहेत, त्यांनी डोकं फिरलंय. आणि ड्रोन ४०० फुटांच्या वर जाणारच नाही, मग १२०० फुटांशी माझा काय संबंध?

खडूफळा

प्रश्न अगदी नेमका आहे.

आकड्यांना शंभरने गुणायचं. वरचा छत, खालचा तळ. म्हणजे त्या पट्ट्यात क्लास सी १२०० फुटांपासून ४१०० फुटांपर्यंत. तळाला 'एसएफसी' असेल तर थेट जमिनीपासून. पण हे फूट समुद्रसपाटीपासूनचे आहेत, आणि तुमची ४०० फुटांची मर्यादा आहे जमिनीपासूनची. सगळी मेख इथे आहे.

समजा घर समुद्रसपाटीपासून २०० फुटांवर आहे. ४०० फूट उडालात तर समुद्रसपाटीपासून ६००. तळ १२०० वर, तुम्ही त्याच्या खाली, परवानगी नको. आता तेच घर ९०० फुटांच्या टेकाडावर ठेवा. ९०० अधिक ४०० म्हणजे १३००. शिरलात क्लास सीमध्ये. ड्रोन तोच, उंची तीच, फक्त जमीन बदलली.

मनोरे आणि अडथळे दाखवताना दोन आकडे असतात. वरचा ठळक आकडा समुद्रसपाटीपासूनचा, कंसातला जमिनीपासूनचा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तिथल्या जमिनीची उंची. हा आकडा थेट विचारत नाहीत, पण तो काढता आला की निम्मे प्रश्न सुटतात.

मनोऱ्याच्या ४०० फुटांच्या परिघात राहिलात तर त्याच्या माथ्यावर आणखी ४०० फूट जाता येतं. १००० फुटी मनोरा असेल तर १४००. आता वर क्लास ईमध्ये शिराल की नाही? शिराल. परवानगी? नको, कारण तो ई जमिनीपासून सुरू झालेला नाही. इथे बरेच जण घाबरून चुकीचा पर्याय निवडतात.

ढगफुटी

हवामान माझ्याकडे. मी रोज ऑफिसला निघण्याआधी जवळच्या विमानतळाचा मेटार वाचते. परीक्षा होऊन गेली तरी सवय सुटली नाही, नवरा हसतो.

मेटार म्हणजे आत्ता काय आहे, टॅफ म्हणजे पुढे काय होईल. मेटार हा डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमाने येतो, म्हणून तुकडे पाडून वाचा. सहा आकडे आणि झेड: पहिले दोन तारीख, उरलेले चार वेळ, तीही ग्रीनिचची. मग वारा: पहिले तीन आकडे दिशा, पुढचे वेग, नॉटमध्ये. '२७०१२जी२०' म्हणजे पश्चिमेकडून १२ नॉट, झोत २० पर्यंत. वाऱ्याची दिशा म्हणजे तो येतो ती दिशा. मग दृश्यमानता मैलांत, मग ढग, मग तापमान आणि दवबिंदू. फूट, पाउंड, मैल यांच्या जंजाळात तापमान तेवढं आपल्या सेल्सियसमध्ये आहे, तेवढाच दिलासा.

ढगांचा प्रश्न असा येतो: 'ओव्हीसी००८' आहे, किती उंच जाऊ शकता? ओव्हीसी म्हणजे आकाश पूर्ण ढगांनी झाकलेलं, ००८ म्हणजे ८०० फूट, आणि मेटारमध्ये ढगांची उंची जमिनीपासून मोजतात (खडूफळांच्या नकाशाच्या बरोबर उलट!). ढगापासून ५०० फूट खाली राहायचं, म्हणजे कमाल ३००. चारशेचा नियम डोक्यात घट्ट बसलेला असला की माणूस ४०० वर टिक करून मोकळा होतो. आडवं अंतर २००० फूट आणि दृश्यमानता किमान तीन मैल, हेही लक्षात ठेवा.

तापमान आणि दवबिंदू जवळ आले, म्हणजे १८/१७ असं काही दिसलं, की धुक्याची शक्यता. स्थिर हवा: थरांचे ढग, गुळगुळीत वारा, पण नजर पोचत नाही. अस्थिर हवा: कापसासारखे उभे ढग, हिसके, सरी, आणि नजर मात्र लांब पोचते. हे गुण जोडीने पाठ करा. पाठ करण्यासारखं आहे, तिथे पाठ करायला माझी ना नाही.

हवा गरम, दमट, आणि जागा उंचावर असेल तर हवा विरळ, पंख्यांना पकड कमी. जुलैतल्या डेन्व्हरमध्ये बॅटरी लवकर संपते ती यामुळे. वजन आणि वळणाचा आलेख एकदा बघा: ६० अंश कलून वळलं की भार दुप्पट. बस्स, याहून जास्त वेळ त्यावर घालवू नका.

जर्सीकर

नियमांत जिथे पाय घसरतो तेवढंच लिहितो, बाकी वाचून होतं.

अपघात कळवायची मुदत १० दिवस. कधी? गंभीर इजा, कोणाची शुद्ध हरपणं, किंवा ५०० डॉलरच्या वर नुकसान. हे नुकसान दुसऱ्याच्या वस्तूचं. तुमचा स्वतःचा दोन हजारांचा ड्रोन झाडावर आपटून चक्काचूर झाला तरी कळवायची गरज नाही.

आणीबाणीत नियम मोडावा लागला तर मोडता येतो. लेखी अहवाल कधी द्यायचा? एफएएने मागितला तरच. 'लगेच', 'दहा दिवसांत' हे पर्याय समोर ठेवलेले असतातच.

दारूनंतर आठ तास, आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या खाली. दोन्ही अटी एकत्र.

सर्टिफिकेट नसलेल्याच्या हातात रिमोट देता येतो, पण सर्टिफिकेटवाला शेजारी हवा आणि क्षणात ताबा घेता यायला हवा. जबाबदारी त्याचीच.

पार्ट १०७ खाली उडवायचा ड्रोन कितीही हलका असो, नोंदणी करायचीच. पाच डॉलर, तीन वर्षं. ०.५५ पाउंडांची सूट हौशी लोकांना.

रात्रीची उड्डाणं: २०२१ च्या एप्रिलपासून वेगळी सूट मागावी लागत नाही. तीन मैलांवरून दिसेल असा लुकलुकणारा दिवा हवा. जुन्या व्हिडिओंत 'रात्री बंदी' असं सांगतात. असे व्हिडिओ दिसले की पुढे सरका, कारण त्यातलं आणखी काय शिळं असेल याचा भरवसा नाही.

निर्णयक्षमतेचे पाच घातक स्वभाव येतात. इंग्रजी नावं लक्षात राहिनात, म्हणून मी आपल्याकडची वाक्यं लावली होती. 'मला कोण सांगणार' हा अँटी-ऑथॉरिटी. 'आधी करू, मग बघू' हा इम्पल्सिव्हिटी. 'आपल्याला काय होतंय' हा इनव्हल्नरेबिलिटी. 'बघाच आता' हा माचो. 'व्हायचं ते होणार' हा रेझिग्नेशन. पाचही नमुने आमच्या एकाच घरात सापडले, नावं सांगत नाही.

कोकणवारा

जर्सीकर, 'बघाच आता' 😀

एक भर. रेडिओ आणि धावपट्टीचे प्रश्न लोक वगळतात, पण ते फुकटचे गुण आहेत. धावपट्टीचा आकडा म्हणजे चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य काढून. पट्टी २७ म्हणजे पश्चिमेकडे तोंड, आणि तिचंच दुसरं टोक ९. 'डाउनविंडवर (पट्टीला समांतर, उतरायच्या उलट दिशेने) आहे, पट्टी २७' असं कोणी बोललं तर विमान कुठे आहे, हे कागदावर काढून बघा. दोन-तीनदा काढलं की बसतं.

सुगरण_नव्हे

मी एच-४ (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावर आहे, कामाची परवानगी अजून नाही. परीक्षा देता येईल का? नागरिकत्व लागतं का?

टेक्सासकर

नागरिकत्वाची अट नाही. वय, इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणं, आणि सुरक्षित उडवता येईल अशी तब्येत. नंतर टीएसए (वाहतूक सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) पार्श्वभूमी तपासते. पण सर्टिफिकेट मिळणं वेगळं आणि त्यावर कमावणं वेगळं. कामाची परवानगी नसताना पैसे घेऊन शूटिंग करू नका. एच-१ वाल्यांनाही हेच, ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्याबाहेरची कमाई चालत नाही. इथे एफएए तुम्हाला अडवणार नाही, इमिग्रेशन अडवेल. पुढचं वकिलाला विचारा.

झटपट

मग डिसेंबरमध्ये भारतात गेलं की हेच सर्टिफिकेट दाखवून गावची जत्रा शूट करता येईल का?

ढगफुटी

नाही. तिथे डीजीसीएचे (भारताची हवाई वाहतूक बघणारी सरकारी संस्था) नियम, २०२१ चे ड्रोन रूल्स. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून घ्यावं लागतं, वय १८ ते ६५ आणि दहावी पास. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, त्यामुळे बॅगेतला ड्रोन कस्टममध्येच अडकतो. जत्रा फोनवर शूट करा.

निमिषा_क

सगळ्यांचे मनापासून आभार. मेटार आता गाडीत बसल्याबसल्या वाचते, आणि उलटी उतरंड तर डोक्यातून जातच नाही. सराव परीक्षेत ऐंशीच्या वर येतंय. केंद्रावर जागा घ्यायला गेले तर 'एफटीएन' मागतात. ते काय? आणि माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आहे, लायसन्सवर नाही. अडेल का?

टेक्सासकर

एफटीएन म्हणजे एफएएने दिलेला तुमचा कायमचा क्रमांक. 'आयाक्रा' या त्यांच्या साइटवर खातं उघडलं की लगेच मिळतो. तो घेतल्याशिवाय पीएसआयकडे नोंदणी होत नाही.

नावाचं आधी निस्तरा, परीक्षेच्या सकाळी नको. केंद्रावर दाखवणार त्या ओळखपत्रावर जसं नाव आहे, अक्षरशः तसंच आयाक्रावर आणि पीएसआयवर हवं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर लायसन्सबरोबर पासपोर्टही लागतो, म्हणजे तुमच्याकडे दोन नावं समोर येणार. केंद्राला आधी फोन करून विचारा आणि शक्य असेल तर लायसन्सवरचं नाव दुरुस्त करून घ्या. व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून आलेल्यांनी तर नक्कीच. लायसन्सवर सध्याचा पत्ता आहे ना, तेही बघा.

खडूफळा

परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालतो. पहिल्या फेरीत नकाशाचे प्रश्न खूण करून मागे ठेवा, नियम आणि हवामान आधी उरका. दोन तास भरपूर आहेत, घाई करून रेखांश उजवीकडे मोजू नका.

निकाल तिथेच कागदावर मिळतो. त्यावरचा १७ अंकी परीक्षा क्रमांक जपा. साधारण ४८ तासांनी तो आयाक्रावर चालू होतो, मग तिथेच सर्टिफिकेटचा अर्ज करायचा. टीएसएची तपासणी झाली की तात्पुरतं सर्टिफिकेट छापून घेता येतं, ते १२० दिवस चालतं आणि त्यावर लगेच काम सुरू करता येतं. प्लास्टिकचं कार्ड टपालाने. मधे घर बदललं तर ३० दिवसांत पत्ता कळवा. दर २४ महिन्यांनी उजळणी करावी लागते, पण ती ऑनलाइन आणि फुकट आहे. पुन्हा केंद्रावर जायला नको.